वरच्या तुकडीचा तास

दोघी बहिणी नदीपलीकडच्या. शहरात त्यांच्या समाजाची माणसं मूठभर. घरात बोलायची भाषा एक, उंबऱ्याबाहेरची दुसरी. थोरली विद्यापीठात शिक्षणावर संशोधन करायची आणि धाकटी शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या शाळेत गणित शिकवायची. थोरलीला एका प्रश्नानं पछाडलं होतं. नदीपलीकडची हुशार मुलं प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक काढून या शाळेत येतात, गणिताच्या वरच्या तुकडीत बसतात आणि वर्ष सरायच्या आत आपणहून खालची तुकडी मागून घेतात. असं का?

“पाया कच्चा असतो त्यांचा,” असं सगळेच सांगत. थोरलीला ते पटत नव्हतं. पाया कच्चा होता तर परीक्षेत वर आली कशी?

शाळेची, मुलांची आणि पालकांची रीतसर परवानगी काढून ती वरच्या तुकडीत मागच्या बाकावर जाऊन बसली. सोबत एक छोटा रेकॉर्डर. शिकवणारे सर वयानं मोठे, विषयात पक्के आणि मनानं खरोखर चांगले. कुणी उत्तर दिलं की ते त्याच्या हात धुऊन मागे लागत. “असंच का? ही अट काढून टाकली तर? चुकलं, परत कर.” मुलगा घामाघूम व्हायचा, पण बसताना खुशीत असायचा.

मग सर खिडकीजवळच्या एका मुलीकडे वळले. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरी तिला सगळे भिंगरी म्हणत. नदीपलीकडचीच. वर्गात मात्र ही भिंगरी दगडासारखी बसलेली. तिनं हळू आवाजात उत्तर दिलं. सर हसून म्हणाले, “छान. बस.”

उत्तर अर्धं चुकलं होतं.

तीही खालची तुकडी मागणार असल्याचं कानावर आलं होतं, म्हणून मधल्या सुट्टीत थोरलीनं तिला जिन्यात गाठलं.

“सर चांगले आहेत ना गं?”

“खूप. मला कधीच रागावत नाहीत.”

“मग तुकडी सोडायचं का म्हणतेस?”

भिंगरीनं जरा इकडेतिकडे पाहिलं. “ताई, बाकीच्यांना ते चुकलं म्हणतात. मला छान म्हणतात. आज माझं चुकलं होतं. मलाही कळलं, त्यांनाही कळलं. मग ज्या दिवशी माझं बरोबर येईल, त्या दिवशीचं ‘छान’ मी खरं कसं मानू?”

घोडं कुठे पेंड खातंय ते थोरलीला कळलं. आणि शाळेतल्या पुढच्या काही आठवड्यांत तिला आणखी एक गोष्ट दिसली, ती तिच्या सख्ख्या बहिणीची. धाकटीचा तास रंगात आला की शिपाई दारात हजर. नदीपलीकडचे पालक आलेत, त्यांच्याशी बोला. पाहुणे येणार आहेत, तुमच्या लोकांचं गाणं बसवा. कुणी मूल रडतंय, समजूत घाला. “तुम्ही आहात म्हणून आमचं निभतं,” असं मुख्याध्यापिका येता-जाता म्हणत. वरची तुकडी मात्र धाकटीला एकदाही मिळाली नव्हती.

“तू कधी मागितलीस?” घरी परतताना थोरलीनं विचारलं.

“कसं मागू? सगळे इतकं गोड बोलतात की तोंडच उघडत नाही.”

“भिंगरीचंही अगदी हेच झालंय.”

धाकटी रस्त्यातच थांबली. मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली, “आता मागते.”

थोरलीनं अहवाल लिहायच्या आधी सरांना गाठलं. शिक्षकांच्या खोलीत दुसरं कुणी नसताना तिनं त्यांना त्यांच्याच तासाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आधी त्या मुलाशी झालेला सवाल-जवाब, मग ‘छान, बस.’

सरांचा चेहरा लाल झाला. “मी तिला दुखवायचं नाही म्हणून...”

“माहीत आहे, सर. म्हणूनच आधी तुमच्याकडे आले.”

“पुन्हा लावा.” त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. “म्हणजे मी तिला वर्गात पाहुणी करून ठेवलं,” ते म्हणाले.

मग धाकटीला आणि सरांना सोबत घेऊन ती मुख्याध्यापिकांकडे गेली. तिथे थोरलीनं आडपडदा ठेवला नाही. “नदीपलीकडच्या मुलांना गोंजारू नका, झुंजवा. आणि त्यांच्यातल्या शिक्षिकेला दुभाषी करून ठेवू नका. त्या कामाला पगार देऊन माणूस नेमा.”

“पण बाईंना ते किती छान जमतं!”

“मला गणित त्याहून छान जमतं,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डळमळलाही नव्हता. “मला वरच्या तुकडीचे निम्मे तास हवेत.”

मुख्याध्यापिकांनी सरांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील अशी त्यांना आशा असावी. सर म्हणाले, “मी कधीचा एकटा ओढतोय. द्या.”

दुभाषी नेमायला काही महिने गेले आणि तोवर कुरबुरीही झाल्या. पण धाकटीनं तास सोडून जायचं बंद केलं ते केलंच. शिपाई आला की ती फळ्याकडे बोट दाखवायची. तो हसून परत जायचा.

सर पहिल्यांदा भिंगरीला “चुकलं” म्हणाले तेव्हा सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. ती उभीच राहिली. मग फळ्याशी गेली, पुसलं, लिहिलं, परत चुकली. “ही पायरी कुठून आली?” सरांनी विचारलं. ती अडली, चिडली, शेजारच्या मुलाशी तिनं वाद घातला आणि अखेर गाडी रुळावर आणली. सर फक्त म्हणाले, “आता बरोबर.” जागेवर येऊन बसताना तिला हसू आवरेना.

त्या वर्षी नदीपलीकडच्या एकाही मुलानं खालची तुकडी मागितली नाही. थोरलीनं अहवालात ते लिहिलं आणि खाली हेही लिहिलं की एका शाळेचं एक वर्ष म्हणजे नुसती सुरुवात. आणखी शाळा बघायला हव्यात. बोलावणी यायला लागली होतीच.

वर्षअखेरीला गणिताच्या मोठ्या स्पर्धेत भिंगरी दुसरी आली. बहिणी अभिनंदन करायला गेल्या, तर बाईसाहेब तणतणत होत्या.

“शेवटच्या गणिताची माझी रीत जास्त सुटसुटीत होती. परीक्षकांनी गुण का कापले? मी विचारायला चाललेय.”

“एकटी जातेस?” धाकटीनं विचारलं.

“सर येतायत. पण बोलणार मीच!” असं म्हणत ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली.