उलटी चालणारी पोरगी

"हे तुमच्यापैकी एकीलाही पटायचं नाही. पण खोटं निघालं, तर माझी ही हॅट बाहेर चरणाऱ्या लामाला खाऊ घाला!" सुईत एका फटक्यात दोरा ओवत सातुर्निना आजी म्हणाली.

शाळेमागच्या खोलीत सहा मुली मांडीवर कापडं घेऊन बसल्या होत्या. ला पाझहून आणलेल्या फ्लॅनेलचे तीन थर, खाली पाणी न झिरपणारं कापड, दोन्ही बाजूंना पंख, पंखांना टिचबटण. पाळीसाठीच्या या पॅडांचा एक जोड घरी न्यायचा, एक शाळेच्या कपाटात ठेवायचा. कपाटातल्या जोडावर नाव हवं. आजी एकेक उचलून विचारायची, "हे कुणाचं गं? चष्मा घरी राहिला मेला." चष्मा दर शनिवारी घरीच राहायचा.

नाव नव्हतं ते फक्त निएवेसच्या पॅडवर.

"नाव कशाला घालू?" ती म्हणाली होती. "सोमवारपासून मी मेंढ्यांमागे जाणार. आईपण तेच म्हणते." दोन आठवड्यांपूर्वी तिच्या शाळेच्या पांढऱ्या डगल्यावर डाग पडला, पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून तिने वर्गात पाय ठेवला नव्हता. आज आली ती शिवायला तेवढी.

"तर आमच्या गावात एक पोरगी होती," आजीने सुरू केलं. "तिच्याही डगल्यावर डाग पडला. शाळा सुटली, मागे पोरांचं टोळकं. पण पोरगी वस्ताद! गर्रकन वळली, पोरांकडे तोंड केलं आणि तशीच उलटी चालत निघाली. दोन डोंगर उलटी चढली!"

"आणि पडली नाही?" बासिलिया खिदळली.

"पडते कशाला? तिला बघून लामा चक्रावले, तेही उलटे चालायला लागले. सूर्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तो आल्या वाटेने माघारी गेला. त्या दिवशी अख्ख्या गावाने दोनदा न्याहारी केली!"

मुली हसून लोळल्या. निएवेसची सुई मात्र थांबली.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय! दुसऱ्या दिवशी घंटेआधी बाईसाहेब पहिल्या बाकावर हजर. पुढे एकेक इयत्ता अशी—"

"थापा."

"अगं, लामांचं खरंय! या डोळ्यांनी—"

"लामा चालले असतील उलटे. सूर्यही फिरला असेल." निएवेसचा आवाज खाली आला. "पण ती परत शाळेत गेली नाही, आजी. चष्म्याशिवाय सुई ओवतेस, आणि नावं तेवढी आम्हाला विचारतेस."

आजीने डोक्यावरची हॅट काढली, मांडीवर ठेवली, तिची कड बोटांनी सारखी केली.

"बघा गं," ती म्हणाली, "लामा आहे का बाहेर."

निएवेसने पेन ओढून घेतलं. कापडाच्या कडेला सावकाश नाव घातलं आणि पॅड आजीपुढे धरलं.

कुणाचं, असं न विचारता आजीने ते कपाटात ठेवलं.