बाबांचा दुसरा निबंध

बाबा गेल्यावरही त्यांच्या मेलवर निरोप येत राहिले: तुमच्या शोधनिबंधाचा आणखी एके ठिकाणी उल्लेख झाला आहे. ब्राझीलमध्ये, कोरियात कोणीतरी लिहितं, ‘बाबाराव म्हणतात’. वर्तमानकाळात. आणि दर वेळी पहिलाच निबंध. दुसरा निबंध कोणी वाचत नाही.

पहिल्यात एवढंच होतं, की आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उगवणाऱ्या एका झुडपाच्या अर्कानं काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मरतात. झुडपाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक विळा घेऊन निघतील. काही वर्षांनी बाबांनीच दुसरा निबंध छापला: या अर्कानं उंदरांच्या गाठी कमी झाल्या नाहीत, यकृत मात्र निकामी झालं. या वाटेनं औषध होणार नाही.

मारेगावजवळच्या आमच्या गावात पहिल्या निबंधाचं पहिलं पान विहारात काच लावून टांगलेलं आहे. ते इंग्रजी कोणाला वाचता येत नाही, पण वस्तीतल्या माणसाचं नाव परदेशात छापून आलं, हे सगळ्यांना कळतं. बाबा दर सुटीत प्रयोगशाळेतून गावी आले की सांगायचे, “ते काढा, दुसऱ्या निबंधाचं लावा.” लोक म्हणायचे, “साहेबाईले मोठेपणा आवडत नाही.”

मग वणीच्या एकानं त्याच पानाचा फोटो छापून पुड्या विकायला काढल्या. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. माझा आतेभाऊ संघदीप यानं दोन एकरांतला कापूस मोडून ते झुडूप लावलं. पुडीवाला बांधावर येऊन माल न्यायचा. आणि त्याची आई, माझी रुखमाबाई आत्या, छातीत गाठ निघाल्यापासून तीच पुडी दोन वेळा घेत होती.

गाठ लहान आहे, आत्ताच ऑपरेशन करा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत्यानं दोन तारखा चुकवल्या. तिसरी बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, दुसऱ्या दिवशीची होती.

“मले नाही जायचं,” कार्यक्रमाच्या सकाळी वांगी चिरता चिरता ती म्हणाली. “दादानं लिहून ठेवलं आहे, मंग कायले कापून घेऊ?”

“आत्या, बाबांनीच नंतर लिहिलं, की ते चालत नाही.”

“असंन. विहारात तं नाही लावलं कोणी.”

“लावू दिलं का कोणी?”

“आज तरी बापाचं नाव खाली पाडू नको, माय.”

दुपारी भाषणं झाली. एका वक्त्यानं सांगितलं, बाबांनी कॅन्सरचं औषध शोधलं. दुसऱ्यानं सांगितलं, म्हणूनच मोठ्या लोकांनी ते दाबलं. माणूस जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि मला भलत्याच कोणाच्या तरी सभेत बसल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी संघदीप दिसला. जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो एकेक पुडी ठेवत होता. “मामाची आठवण म्हणून.”

मला बोलायला उभं केलं, तेव्हा मी आदरांजली वाहिली नाही. दुसरा निबंध उघडला आणि मराठीत सांगत गेले. शेवटी म्हणाले, “ही पुडी कॅन्सर बरा करत नाही. ती यकृत बिघडवते. हे माझ्या वडिलांनी स्वतःच्या नावानं लिहिलं आहे.”



“ताई, आजच्या दिवशी?” संघदीप ओरडला. “मामाले खोटं पाडून राह्यल्या तुम्ही!”

“थांब रे,” बायकांतून आत्या उठली. “ममता, म्हणजे दादा चुकला?”

“हो.”

“अन् त्यानं सोताच लिहलं, का मी चुकलो?”

“हो. छापून.”

आत्या म्हणाली, “आमचा दादा? बोरं चोरतानी धरला, खिशातून बोरं सांडून राह्यली, तरी नाही म्हणे तो!”

बायका हसल्या. मलाही हसू आलं.

“त्यानं कबूल केलं म्हणजे खरंच असंन,” आत्या म्हणाली. “किती वाजता निघा लागते?”

“माय, मंग माह्या दोन एकराचं काय?” संघदीप म्हणाला.

“पह्यले गाडीचं पाह्य.”

गाडी त्यानंच चालवली. नागपूर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. डॉक्टरांनी आत्याला विचारलं, दुसरं काही औषध घेता का. “घेत होती. ज्यानं लिहलं त्यानंच नाही म्हटलं,” ती म्हणाली. डॉक्टरांनी आधी रक्ताची तपासणी करायला लावली. यकृत बिघडलेलं निघालं, म्हणून ऑपरेशन पुढे गेलं. पुन्हा एक तारीख. या वेळी आत्यानं चुकवली म्हणून नाही, एवढंच.

बाहेरच्या बाकावर मी तो रिपोर्ट वाचत बसले होते. संघदीप शेजारी येऊन बसला. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, खालपर्यंत पाहिला आणि परत माझ्यापुढे धरला.

“यातलं वाईट कोणतं, ते दाखवा,” तो म्हणाला.

मी यकृताच्या ओळीवर बोट ठेवलं.