हिरवी रेघ

दुसरीच्या बाईंचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी घरचं लेकरू पुढे केलं.

पालकसभेत मोठ्या बाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर वर्गाचा आलेख लावला. प्रत्येक मुलाचा एक ठिपका. तो बोटाने वर सरकवला, की मिनिटाला किती शब्द वाचायचे ते त्या मुलाचं उद्दिष्ट वाढायचं आणि वर्गाची रेघ हिरवी होत जायची. पण होईल तर शपथ! कुणाचाही ठिपका वर न्यावा, तर त्याचा बाप लगेच खुर्चीतून उठायचा. शेवटी बाईंनी गुपचूप बिट्टीचा ठिपका धरला आणि पार वर नेऊन ठेवला. बिट्टी म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिच्यासाठी इथे कोण भांडणार? रेघ हिरवीगार झाली, टाळ्या पडल्या, आणि मोठ्या बाईंनी कुलपाचं बटण दाबलं.

हात दाखवून अवलक्षण! कुलूप लागलं की ठिपका खाली येत नाही. आणि वर्षअखेर उद्दिष्ट चुकलं, की मूल पुन्हा दुसरीतच.

"एवढा एकदा खाली घ्या ना," बाईंनी विनवलं.

"रेघ लाल होईल. तुम्हीच वर नेलात, तुम्हीच निस्तरा," मोठ्या बाई म्हणाल्या.

घरी बहीण चहा गाळता गाळता थांबली. "लोकांच्या पोरांवर माया आणि माझ्या पोरीच्या डोक्यावर धोंडा? वा गं ताई!" बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रोज शाळा सुटल्यावर बिट्टी, बाई आणि घड्याळ. बिट्टी वाचायची छान, पण बाजारातून परतणाऱ्या म्हातारीसारखी, वाटेत दिसेल त्याची चौकशी करत.

"मावशी, हे अस्वल एकटंच का राहतं?"

"ते नंतर. पुढे वाच."

"पण त्याची आई..."

"बिट्टे, पुढे!" बाई असं काही खेकसायच्या, की त्यांनाच तो आवाज मोठ्या बाईंचा वाटायचा. महिन्याभरात बिट्टीचे प्रश्न बंद झाले.

परीक्षेला मोठ्या बाई शेजारीच येऊन बसल्या. नवीन धडा होता: माकडाने पोलिसाची टोपी पळवली, उलटी घातली आणि चौकात उभं राहून गाड्या अडवल्या. बाईंनाच हसू फुटलं, ते त्यांनी कसंबसं गिळलं. बिट्टी मात्र कोऱ्या चेहऱ्याने धाडधाड वाचत सुटली. मिनिट संपलं. पडद्यावर तिचा ठिपका हिरवा झाला आणि लगेच आपणहून आणखी वर, तिसरीच्या उद्दिष्टावर जाऊन बसला.

"शाब्बास! जमतंय की," म्हणत मोठ्या बाई निघून गेल्या.

खरं तर बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. त्यांनी पोरीला पोटाशी धरलं. पोरगी अंग चोरून उभी राहिली.

"मावशी," तिने हळूच विचारलं, "माकडाच्या इथे हसायचं राहिलं. आता हसू?"

"हस की गं राणी! पोटभर हस."

बिट्टीने ओठ ताणून पाहिले. पुन्हा एकदा पाहिले. मग ती रडवेली झाली.

"येतच नाहीये," ती म्हणाली. "तू घड्याळ लाव ना."