रंग बदलणारी पट्टी

सोलापूरच्या पोरीनं रंगापुढं हात टेकायचे म्हणजे काय हो! चेतनाच्या घरचा टॉवेल रंगवायचा धंदा पिढीजात. ही रसायनशास्त्र शिकली आणि सुताला भलताच रंग चढवायच्या नादी लागली. पाणी आंबट असलं की पिवळा, सोड्याचं असलं की जांभळा. रंग धाग्याला असा चिकटलेला की धुऊनही सुटू नये. अशा कापडाची पट्टी कारखान्याच्या गटारात सोडायची, छोट्या दिव्याच्या उजेडात यंत्रानं तिचा रंग वाचायचा, की पाणी बिघडलेलं तिथल्या तिथं कळणार.

लहान तुकडे छान चालले होते. तरी तिचे मार्गदर्शक यज्ञेश्वर सर म्हणाले होते, "अख्खं कापड दाखव. नाहीतर कापूस सोड आणि काचेवर काम कर." चेतनाला काच नकोच होती. म्हणून तिनं वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या डाइंगमध्ये मोठं कापड रंगवलं आणि आज सात रस्त्याजवळच्या प्रयोगशाळेत सरांसमोर त्याची पट्टी सोड्याच्या पाण्यात बुडवली.

पट्टी पिवळी ती पिवळीच.

"लहान तुकड्यावर कुणाचंही जमतं," सर म्हणाले. चेतनाला रडू आलं. तिनं पट्टी वर काढली, तर पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं खाली गेलं. पट्टी भिजलीच नव्हती.

मग तिला स्वतःचाच राग आला. काल रंग बसल्यावर तिनं सवयीनं कापडाला सॉफ्टनरचं शेवटचं पाणी दिलं होतं. आप्पांकडं त्याशिवाय कापड बाहेर काढतच नाहीत; प्रयोगशाळेतल्या लहान तुकड्यांना मात्र ते कधी दिलंच नव्हतं. नवा टॉवेल हाताला लोण्यासारखा लागतो, पण पाणी टिपत नाही, हे सोलापुरात कोणाला ठाऊक नाही? आणि ही रंगाला दोष देत बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"सर, चहा होईपर्यंत थांबा," ती म्हणाली. तिनं पट्टी साबणाच्या पाण्यात खळखळून उकळली, चांगली खंगाळली आणि पुन्हा सोड्यात सोडली.

पट्टी बघता बघता गर्द जांभळी झाली. रंग वाचणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ सरसर वर चढली. आंबट पाण्यात पुन्हा पिवळी, सोड्यात पुन्हा जांभळी. सरांनी खिशातला पांढरा रुमाल काढून ओल्या पट्टीवर कचकचून घासला. रुमालाला ठिपकासुद्धा लागला नाही.

"असं कापड किती होईल?" सरांनी विचारलं.

आनंदाच्या भरात चेतनाच्या तोंडून घरची बोली निघाली. "सर, तुमी फकस्त गटारं मोजून ठेवा. कापड कमी पडू देत न्हाय."