मनगटापर्यंतच्या मावशी

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, आमच्या मावशींचा चेहरा शेवटी मोठ्या पडद्यावर झळकला. पण हे मी बोललोच नाही असं समजा. आपण पहिल्यापासून जाऊ.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाच दिवशी आम्ही चारशे भावंडं जन्मलो, त्यामुळे कौतुक फारसं कोणाच्याच वाट्याला आलं नाही. पुढे पाणीपुरवठा कार्यालयात टंकलेखक मावशींच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. अगदी शब्दशः हाताखाली.

मग एक सिनेमावाले आले. त्यांच्या गोष्टीत हॅकरांची टोळी एका भ्रष्ट मंत्र्याच्या तिजोरीवर संगणकातून दरोडा घालते. टोळीची म्होरकी मुलगी होती, कारण दिग्दर्शकांना स्त्रियांना पुढे आणायचं होतं. पण नायिकेला दोनच बोटांनी टाइप करता येई. म्हणून मावशींचे हात भाड्याने घेतले आणि हातांसोबत मला. निर्मात्यांना मंत्री डावाही नको होता आणि उजवाही. झेंड्याला कुठलाही रंग दिला तरी कोणीतरी रुसणार, म्हणून झेंडा पारदर्शक केला. भरसभेत कार्यकर्ते नुसत्या काठ्या हलवत होते.

मावशींनी विचारलं, "माझा चेहरा दिसेल ना हो? जाऊबाईंना सांगून बसलेय मी."

"मावशी, आपला सिनेमा कष्टकऱ्यांच्या बाजूचा आहे," दिग्दर्शक म्हणाले.

"म्हणजे दिसेल?"

"मनगटापर्यंत."

त्या दिवशी माझ्या कळांवर दरोडा जरा जोरातच पडला. मी कशालाच जोडलेलो नव्हतो, तरी मावशींना काहीबाही बडवणं जमेना. सरकार हादरवणाऱ्या त्या प्रसंगात, मित्रांनो, त्यांनी गळक्या नळाबाबतचं स्मरणपत्र पूर्ण टाइप केलं.

समोरचा मॉनिटर बंद होता. त्यावरचे हिरवे आकडे नंतर भरायचे होते. ते भरलेही, फक्त एका जागी विसरले. तिथे काळ्या काचेत पुरे तीन सेकंद मावशी दिसल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ मुडपलेले.

पुढचं मी मावशींच्या तोंडून अकरा वेळा ऐकलंय. थिएटरात जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "ही आमची आहे," त्यांनी मागच्या तीन रांगांना सांगितलं.

"बसा हो, दिसत नाहीये."

"बघायचं ते होऊन गेलं," जाऊबाई म्हणाल्या आणि बसल्या.

एका वर्तमानपत्राने लिहिलं, हा श्रमिकांच्या क्रांतीचा चेहरा. दुसऱ्याने लिहिलं, हा घर सांभाळणाऱ्या मातेचा चेहरा. दिग्दर्शक म्हणाले, हे आमचं आधीच ठरलं होतं. मावशी म्हणाल्या, "मी वेलांटी शोधत होते हो."

आता कार्यालयात नवे कीबोर्ड आलेत. मी कपाटावर, फायलींच्या खाली पडून असतो. वेळच वेळ आहे, म्हणून दिग्दर्शकांना एक अर्ज मनातल्या मनात टाइप केलाय:

महोदय, वरील परिस्थिती पाहता पुढील चित्रपटातील दरोडा मावशींच्याच नेतृत्वाखाली व त्यांच्या संपूर्ण चेहऱ्यासह घालण्यात यावा, तो कार्यालयीन वेळेत उरकण्यात यावा, आणि अर्जदाराच्या कळांमधील धूळ दरमहा मऊ ब्रशने काढण्यात यावी, ही विनंती. जाऊबाईंसाठी पहिल्या रांगेतील एक खुर्ची राखून ठेवावी. त्या उभ्या राहणार आहेत.