दिसायला चांगली

कोल्हापूरपासून आमचं कुरणेवाडी गाव चव्वेचाळीस किलोमीटर होतं. श्रावणात ते अंतर रोज चार किलोमीटरने वाढू लागलं, तेव्हा मी गाडीला मॅगव्हीलची चकचकीत चाकं बसवून घेत होतो. मैलाचे दगड होते तिथेच होते, फक्त मधली शेतं लांब होत चालली होती. उसाच्या एका फडाच्या कडेने गाडी अर्धा तास चालवावी लागे. एसटी कालच्या अंतरापर्यंत जायची आणि सगळ्यांना उतरवून परत फिरायची. उतरलेल्या लोकांनी तिथेच चहाची टपरी टाकली आणि हळूहळू ते तिथलेच झाले.

गावात आबा एकटे होते. माझे वडील, केरबा मगदूम. विहिरीवरची ऑईल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि खंडेनवमीला त्यांना कायमचं आमच्याकडे कोल्हापुरात आणायचं मी आणि माझ्या बायकोने, सुजाताने ठरवलं होतं. त्या दिवशी आबा पंचक्रोशीतल्या प्रत्येक इंजिनाला स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घालायचे. माझ्या गाडीलाही पहिला हार त्यांनीच घालावा, अशी माझी फार इच्छा होती. रस्ता गाडीच्या आवाक्याबाहेर जायच्या आत तिथे पोचायचं, एवढंच काय ते काम होतं.

गाडी साधीच, चार दरवाजांची, छोटी. माझं चष्म्यांचं दुकान आहे. कुठल्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल हे मला गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं. गाडीला काय शोभेल तेही कळत होतं.

शौकतभाई शिकलगारांच्या गॅरेजात मधोमध लाकडाच्या वखारीत असतो तसा मोठा तराजू टांगलेला आहे. गाडीला बाहेरून जे चढवायचं ते एका पारड्यात ठेवतात आणि तेवढ्याच वजनाचं गाडीच्या आतून काढून दुसऱ्या पारड्यात घालतात. तिथला नियमच आहे तो. उलटंही चालतं. दारं, बंपर, रंग काढून दिला तर तेवढ्या वजनाची ओढ इंजिनात भरून मिळते.

"एकतर दिसंल, न्हाईतर पळंल," शौकतभाई म्हणाले. "तुमी सांगाल तसं करतो."

सुजाताने लगेच सांगितलं की दारं काढा, रंग खरवडा, हवं तर छपरही काढा. उघड्या पत्र्यावर बसून जाऊ, पण मामंजींना घेऊन येऊ. बोलताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण मी काय म्हणणार ते तिला माहीत होतं.

सातवीत असताना मी माझ्या सायकलला निळा रंग देऊन चाकांत रंगीत मणी ओवले होते. पाहुण्यांपुढे आबा म्हणाले होते, "पोरगं दिसायला चांगलं हाय." एवढं म्हणून ते थांबले आणि पान्हा घेऊन इंजिनाकडे वळले. त्या वाक्याला पुढे काहीतरी होतं, ते राहिलं. तीस वर्षं मी त्या उरलेल्या वाक्याची वाट बघत होतो. उघड्या पत्र्याची गाडी घेऊन मी त्यांच्या दारात कसा जाणार? मला लाज वाटली असती, हे सरळच सांगतो.

मॅगव्हीलच्या बदल्यात जॅक आणि स्टेपनी गेली. पुढच्या-मागच्या बंपरखालच्या स्कर्टसाठी पाचवा गिअर गेला. डिकीवरच्या पंखासारख्या स्पॉयलरसाठी चढावर लागणारी सगळी ताकद गेली, ती एका डब्यात मावली. मग गाडी खाली घेतली, इतकी खाली की तिच्या पोटाखालून आगपेटी सरकली नसती. त्यासाठी पिकअप द्यावा लागला. गाडी सुरू व्हायची, पण विचार करून.

दरम्यान रस्ता वाढतच होता. मी फोनवर आबांना जेवलात का विचारायचो आणि त्यांचा "व्हय" यायला चहा उकळून व्हायचा. पितृपक्षात तो "व्हय" दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना आला. सुजाता फोन कानाला लावून बसायची आणि उत्तर आलं की वहीत लिहून ठेवायची, म्हणजे कुठल्या प्रश्नाचं ते होतं हे जुळवता यावं. एकदा नुसता खोकला आला. तो कशाचं उत्तर आहे ते तिला लावता येईना. तिने वहीत नुसतं "खोकला" एवढंच लिहिलं.

मला काळजी नव्हती असं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊन सांगावं, सगळं उतरवा आणि ओढ भरा. मग गॅरेजात गाडी दिसायची. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत असायचे. एकाने विचारलं, कुणाची हो ही? मी म्हणालो, माझी. असा प्रश्न मला चष्म्याच्या दुकानात कोणी कधी विचारला नव्हता.

खंडेनवमीला दोन दिवस उरले आणि मागची काच मोकळी दिसायला लागली. आमच्याकडे गाडीच्या मागच्या काचेवर घरातल्या मोठ्या माणसाचं नाव असतंच. मी रेडियमची अक्षरं करून आणली: आबांची पुण्याई.

"हे गेलेल्यांचं लिहितात," सुजाता म्हणाली. "मामंजी आहेत अजून."

मी म्हणालो, सगळेच लिहितात.

शौकतभाईंनी अक्षरं पारड्यात ठेवली. कागदासारखी पातळ अक्षरं, पण पारडं खाली गेलं ते जमिनीला टेकलं. दुसऱ्या पारड्यात त्यांनी उरलेले गिअर घातले, रेडिएटर घातला, सीटा घातल्या. काटा हलला नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी ते सगळं उतरवून नुसतं इंजिन पारड्यात ठेवलं, आणि तराजू बरोबर मधे येऊन थांबला. सीटा, गिअर आणि रेडिएटर त्यांनी परत बसवून दिले. नियमाचे पक्के आहेत ते.

खंडेनवमीच्या सकाळी गाडी आम्ही ढकलत दुकानासमोर आणून लावली. तोंड गावाच्या रस्त्याकडे केलं. एवढी देखणी गाडी त्या रस्त्यावर पूर्वी उभी राहिली नसेल. लोक जमले. सुजाता दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती. तिनेच आबांना आधी पाहिलं.

ते चालत आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीचं, हातात पिशवी, पिशवीत झेंडूचा हार. चपलांचे तळ घासून पोळीएवढे पातळ झालेले.

मी पाया पडलो आणि एवढा रस्ता तुम्ही चाललात कसे, असं विचारलं. आबांनी समोर उभं असूनही उत्तराला वेळ घेतला.

"रस्ता तुझ्याकडनं वाढत हुता," ते म्हणाले. "माझ्याकडनं हुता तेवढाच हाय."

मग त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मॅगव्हीलवर बोट फिरवलं. स्पॉयलर बघितला. मागच्या काचेपाशी जरा जास्त वेळ थांबून स्वतःचं नाव वाचलं, पुढचा शब्दही वाचला. मग ते पुढे आले.

"दिसायला चांगली हाय," ते म्हणाले आणि थांबले.

मी वाट बघितली. आबांनी पिशवीतून हार काढला आणि इंजिनाला घालायला बॉनेट उघडलं.

रेडिएटरच्या मागे काही नव्हतं. स्वच्छ पुसलेला रिकामा पत्रा होता आणि इंजिन बसवायचे चार बोल्ट होते. आबांनी आत वाकून बघितलं, विहिरीवरच्या बिघडलेल्या इंजिनात बघायचे तसंच. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी चपला काढून पुढच्या चाकासमोर शेजारी शेजारी ठेवल्या. टोपी सारखी केली. हार कुठे घालावा याचा क्षणभर विचार केला आणि स्वतःच्याच गळ्यात घातला. मग बंपरवर पाय देऊन ते आत चढले, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झाले. बरोबर मावले.

"बॉनेट लाव," ते म्हणाले.

मी लावलं. पत्रा गरम होता. मी स्टेअरिंगवर जाऊन बसलो आणि किल्ली फिरवली. आधी एक खोकला ऐकू आला, तोच तो, वहीतला. मग थडथड, थडथड सुरू झालं, एकसारखं, लहानपणी विहिरीवरून ऐकू यायचं तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं आणि हात स्टेअरिंगवरून सुटत नव्हते.

पुढे दोन पावलांवर चपला होत्या. गाडी मी इतकी खाली घेतली होती की त्या चपलांवरूनही ती जाणार नव्हती. सुजाता उठली आणि त्या उचलायला वाकली.

"राहू देत सूनबाई," बॉनेटच्या आतून आबा म्हणाले. "मला परत जाताना लागतील."

सुजाता तशीच वाकलेली राहिली, चपलांपासून वीतभर अंतरावर हात थांबवून, आणि तिने मान वर करून काचेतून माझ्याकडे बघितलं. माझा पाय क्लचवर होता.