रिकाम्या जागी ब्रेक

मास्तरांकडे गाडी शिकलेला माणूस परीक्षेत नापास होत नाही, अशी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची ख्याती होती. गेल्या काही वर्षांत मात्र एकामागून एक आपटायला लागले. शेवटी परीक्षकच म्हणाले, "मास्तर, तुमचे सगळे शिकाऊ गोल चौकात वळताना मध्येच ब्रेक दाबतात. समोर चिटपाखरू नसतं. हे काय शिकवता?"

मास्तरांचा चेहरा पडला. शिकवणीच्या गाडीत ब्रेकची दोन पेडलं असतात, एक शिकणाऱ्याकडे, एक मास्तरांकडे, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली. एक दाबलं की दुसरंही खाली जातं. चौकातल्या त्या जागी रोज मास्तरांचाच पाय खाली जात होता आणि त्यांना पत्ताही नव्हता. शिकणारे बिचारे समजले, इथं थांबायचंच असतं.

काही वर्षांपूर्वी त्याच जागी भर दुपारी, चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारे घड्याळजी गाडीच्या धडकेने गेले होते. गाडी मास्तरांच्या लेकीची. लहानपणापासून मास्तर तिला भिंगरी म्हणत. मित्रांनी मोबाइल रोखले आणि या शहाणीने चौकात गाडी गरागरा घसरवली. मागची बाजू फेकली गेली, ती रस्ता ओलांडायला निघालेल्या घड्याळजींवर.

"याला ड्रिफ्टिंग म्हणतात, खेळ आहे हा," कोर्टात तिच्या वकिलाने सांगून पाहिलं.

"खेळाला मैदान असतं," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "हा सगळ्यांचा रस्ता आहे."

अपघात म्हणून सुटका झाली नाही. गाडी जप्त, लायसन्स रद्द, तुरुंग. सगळं भोगून लेक घरी आली, पण घड्याळजींच्या दुकानाचं शटर काही वर गेलं नाही. मास्तरांनी तिला पुन्हा भिंगरी म्हटलं नाही.

आता बंदीची मुदत संपली होती. औषधं पोचवायची नोकरी मिळत होती, पण लायसन्स हवं होतं.

"बाबा, शिकवाल?"

मास्तरांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. पोटच्या पोरीचीच भीती वाटावी, याहून वाईट काय असतं?

"दुसरीकडे शिकण्यापेक्षा तुमच्या डोळ्यांसमोर शिकलेली बरी," बायको म्हणाली. तिच्यापुढे मास्तरांचं कधी काही चाललंय?

सकाळी लेक स्टिअरिंगवर बसली. गाडी जपून चालवत होती. चौक जवळ आला तसा मास्तरांना घाम फुटला. पण पोरीवर विश्वास टाकायचा, तर आज ब्रेकला पाय लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. चौक मोकळा होता.

ती वळली, आणि मास्तरांसमोरचं पेडल आपोआप खाली गेलं. गाडी नेमकी त्या जागी थांबली. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

लेक काचेतून समोर बघत होती.

"बाबा, तुम्हालाही दिसतात?"

"रोज."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवायला लागलं. ती ब्रेकवरून पाय उचलू लागली, तसा मास्तरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब, भिंगरी. आधी त्यांना रस्ता ओलांडू दे."